नीट आवाजात

३ नोव्हेंबर. सकाळ, केबिनमध्ये.

आजपासून रोजनिशी. घरातला एक किरकोळ प्रश्न वर्षअखेरीपर्यंत निकालात काढायचा आहे. हाती घेतलेल्या कामाची नोंद असलेली बरी.

प्रश्न असा. आमची टिटवी (वय वर्षे दहा. पाळण्यात असल्यापासून किंचाळायची म्हणून मी ठेवलेलं नाव, शाळेतलं वेगळं आहे) मी कामाला निघालो की दारात विचारते, बाबा, सगळं ठीक होईल ना? मी म्हणतो, सगळं ठीक होईल. विषय संपला. पण हल्ली ती म्हणते, नीट आवाजात म्हण. मग मी नीट आवाजात म्हणतो. मग ती म्हणते, 'ठीक'वर आवाज पडला. पुन्हा. आज बूट घालून दारात इतका वेळ उभा होतो की पहिल्या लाँचची सूचना हुकली. साहेबांना सांगितलं, बुटाची नाडी तुटली.

काळजीचं कारण अजिबात नाही. मी पोटापाण्यासाठीच आवाजाचा माणूस. लाँचच्या धक्क्यावर सूचना देतो. तुमचा आवाज ऐकला की पाणी शांत वाटतं, असं लोक म्हणतात. (एकाने एकदा म्हटलं होतं.) टिटवीची आई म्हणते, कुणाला तरी दाखवू या. मी म्हटलं, घरात आवाज असताना बाहेर कशाला पैसे घालवायचे.

संकल्प: वर्षअखेरीच्या सुट्टीत टिटवी लाँचने पलीकडे आत्याकडे जाणार. पूर्वी लाँचच्या नाकावर उभी राहून जायची. उन्हाळ्यापासून धक्क्यावर पाऊल ठेवलेलं नाही.

६ नोव्हेंबर

वाक्य वाढलंय. आता असं: सगळं ठीक होईल, बाबा संध्याकाळी घरी येणार, पाण्यात कोणी पडणार नाही. एका दमात. मध्ये खोकलो तर पहिल्यापासून. आज खोकलो.

खोकल्याचं औषध आणलं. थंड पाणी बंद. सर्दी मला परवडणार नाही.

८ नोव्हेंबर

तिच्याशी शांतपणे बोललो. म्हटलं, मी नीट नाही म्हटलं तर काय होईल असं तुला वाटतं? ती बराच वेळ चादरीचा धागा ओढत बसली. मग म्हणाली, तू पाण्यात पडशील. मी हसलो. म्हटलं, अगं, मी काचेच्या केबिनमध्ये बसतो, पाणी कुठे आणि मी कुठे. ती म्हणाली, "मला माहितीये ते खोटं आहे, बाबा. पण पोटात खरं वाटतं."

हुशार आहे. माझ्यावर गेलीये.

जेवण गेलं नाही. तेल जास्त झालं होतं भाजीत.

१२ नोव्हेंबर

शेवटी बाईंकडे गेलो. (समुपदेशक. टिटवीच्या आईने परस्पर वेळ घेतली होती.) साधी खोली, दोन कुंड्या, खुर्च्या सगळ्या एका उंचीच्या. टिटवी बाईंशी पहिल्या भेटीत एवढं बोलली, जेवढं माझ्याशी महिनाभरात नाही. माझा थोडा अपमान झाला, पण मी मोठ्या मनाचा आहे.

मग आम्हा दोघांना बोलावलं. बाई म्हणाल्या, तुम्ही उत्तर दिलंत की तिला घटकाभर बरं वाटतं आणि प्रश्न आणखी भुकेला होऊन परत येतो. म्हणून हळूहळू उत्तर बंद करायचं. तिने विचारलं की प्रेमाने एवढंच म्हणायचं: सांगता येत नाही, बघू. तिला त्रास होईल. तुम्हाला जास्त होईल.

मी त्यांना समजावून सांगितलं की आमच्या धंद्यात हे बसत नाही. मला ज्यांनी शिकवलं ते मास्तर (आधीचे सूचनावाले, आता नाहीत) पहिल्याच दिवशी म्हणाले होते, माइकवर 'माहीत नाही' म्हणायचं नाही, लोक पाण्याकडे बघत उभे असतात. बाईंनी हे लिहून घेतलं. बहुतेक आवडलं त्यांना.

१३ नोव्हेंबर

टिटवीने विचारलं. आईने डोळे वटारले. मी म्हटलं, सांगता येत नाही, बघू. टिटवीचं तोंड असं झालं की मी जिना उतरता उतरता पुन्हा वर आलो आणि दाराच्या फटीतून हळूच म्हटलं, ठीक होईल गं. एकदाच. हळू म्हटलं म्हणजे धरत नाहीत.

१७ नोव्हेंबर

टिटवीच्या आईला कळलं. ताकाला जाऊन भांडं लपवतोस म्हणाली. मी तिला सांगितलं की बाईंची पद्धत मी सोडलेली नाही, तिच्यात आपल्या घरापुरती सुधारणा केलीये. आई म्हणाली, ती आज शाळेत गेली नाही, परवाही नव्हती गेली, तुझ्या सुधारणेने तिला दाराबाहेर काढून दाखव. मी म्हटलं, दाखवतो.

आत्याचा फोन. तिचं म्हणणं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी तिला आठवण करून दिली नाही की आमच्या वेळी ती दिवा घालवू द्यायची नाही.

२१ नोव्हेंबर. दुपार.

सापडलं! इतके दिवस काखेत कळसा अन् गावाला वळसा.

रेकॉर्डिंग.

जेवणाच्या सुट्टीत केबिनचं दार लावलं, पंखा बंद केला, आमच्या चांगल्या माइकवर पूर्ण वाक्य घेतलं. सुरुवातीला ती घंटा, टिंग टाँग, सूचनेआधी असते ती. खोकला नाही, 'ठीक'वर आवाज पडलेला नाही. इतकं स्वच्छ मी आयुष्यात बोललो नसेन. घरातल्या जुन्या मोबाइलमध्ये घालून देणार. तिला हवं तेव्हा हवा तितका बाबा. मी कामावर, वाक्य घरी.

संध्याकाळ.

दिलं. ऐकलं तिने. दोनदा ऐकलं. नीट आहे म्हणाली. हे शब्द मी आठवडाभर ऐकले नव्हते. मग तिला मास्तरांचं उदाहरण दिलं. धुकं पडलं की धक्क्यावर अजून त्यांचीच जुनी सूचना वाजते: धुक्यामुळे लाँच थांबली आहे, थोड्याच वेळात सुटेल, प्रवाशांनी काळजी करू नये. माणूस गेला, पण आवाज बघ, लोकांना धीर देतोय. माणूस जातो बेटा, आवाज राहतो.

टिटवीने मोबाइल दोन्ही हातांनी छातीशी धरला. मास्तर तिला पेपरमिंटच्या गोळ्या द्यायचे, त्यामुळे भरून आलं असेल.

२४ नोव्हेंबर

वेळेवर केबिनमध्ये. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. टिटवी शाळेत गेली, दप्तरात मोबाइल. बाईंना फोन करून कळवणार होतो, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून राहू दिलं.

२८ नोव्हेंबर

मोबाइल जेवताना ताटाशेजारी. आंघोळीला जाताना बाथरूमच्या खिडकीत. चालायचंच. नव्याची नवलाई.

२ डिसेंबर

आज लवकर सुटलो. जिना चढून किल्ली काढली तर आतून मी बोलत होतो. टिंग टाँग. सगळं ठीक होईल, बाबा संध्याकाळी घरी येणार. थांबलो. पुन्हा. बाबा संध्याकाळी घरी येणार. दाराच्या आत मी, बाहेर मी, आणि आतल्याला माझी काहीच गरज दिसत नव्हती. किल्ली लावायला हात उचलेना. शेजारच्या काकू भाजी घेऊन वर आल्या, त्यांनी विचारलं, घरात कोण आलंय? मी म्हटलं, कोणी नाही, मीच आहे.

अंगावर काटा आला होता. जिन्यात गारवा फार आहे.

५ डिसेंबर

टिटवीची आई म्हणाली, तू घरात नसतोस तेव्हा जास्त असतोस. बंद कर ते. मी म्हटलं, शाळेत जातेय ना? ती म्हणाली, काल अर्ध्यातून परत आली, चार्जिंग संपलं म्हणून.

उपाय: पॉवर बँक.

९ डिसेंबर. धुकं.

पहिलं दाट धुकं. पलीकडचा काठ गेला, मग लाँच गेली, मग धक्क्याचं टोक. मास्तरांची सूचना लावली. ती आपोआप फिरून फिरून वाजत राहते.

वारा आमच्या घराकडे असला की कर्णा घरात ऐकू येतो. सूचना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात केबिनचा फोन वाजला. टिटवी. म्हणाली, मास्तर बोलतायत. मी म्हटलं, हो, धुकं आहे ना. ती म्हणाली, ते तर मेलेत. मी म्हटलं, रेकॉर्डिंग आहे बेटा, तुला माहीत आहे. मग तिने विचारलं, "मग माझ्या मोबाइलमध्ये तू आहेस, तो आत्ताचा आहेस का?"

मी म्हटलं, अर्थात. आणि आत्ता फोनवर बोलणारा? ती म्हणाली. हा कशावरून?

हसण्यावारी नेलं. पण फोन ठेवल्यावर केबिनच्या काचेत मला माझं तोंड दिसलं आणि मास्तरांचा आवाज चालू होता. मी टेबलावर हात आपटून बघितला. लागलं.

११ डिसेंबर

शाळा पुन्हा सुटलीये. ती आता घरी रेकॉर्डिंग लावते आणि लगेच केबिनमध्ये फोन करते. मी जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा. रेकॉर्डिंगला माहीत नसेल असं काहीतरी सांगायचं. आज सांगितलं: समोर एक माणूस केळं खातोय. रांगेतल्या एका बाईच्या छत्रीची काडी मोडलीये. कुत्रा तिकीट खिडकीखाली झोपलाय. तेवढ्यावर भागलं.

तशी गंमतच. निरीक्षणशक्ती वाढते.

१५ डिसेंबर

दर वेळी फोन घेणं शक्य नसतं म्हणून नवी युक्ती. सूचनेतच खूण घालायची. घरी ऐकू जाते. आज म्हटलं: पुढची लाँच थोड्याच वेळात सुटेल, प्रवाशांनी रांगेत यावे, केळ्याची साल पाण्यात टाकू नये. टिटवीला बरोबर कळलं. साहेब केबिनमध्ये आले, म्हणाले सूचनेत केळं कुठून आलं? मी म्हटलं, स्वच्छता मोहीम. ते म्हणाले, घरी सगळं ठीक आहे ना?

मी नीट आवाजात म्हटलं, सगळं ठीक आहे. त्यांना पटलं. एवढ्या वर्षांची साधना आहे.

२२ डिसेंबर

सुट्ट्या लागल्या. आत्याकडे जाण्याचं जानेवारीअखेरीवर ढकललंय. थंडीत लाँचवर वारा फार लागतो. आत्यालाही तसंच सांगितलं. टिटवीने ऐकलं. स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारत होती, मी बरी नाही झाले तर आत्या मला विसरेल का? मी पेपर वाचत असल्याने आईने काय उत्तर दिलं ते कळलं नाही. पेपर कालचा होता.

८ जानेवारी

शाळा सुरू, टिटवी घरी. बाईंनी मला एकट्याला बोलावलं. आवाज न चढवता बोलतात, त्यामुळे राग कधी आला ते कळत नाही. म्हणाल्या, मुलीला दार उघडायचंय आणि तुम्ही रोज नवीन कुलूप बसवताय. आणि मग: तिने विचारलं की तुम्हाला काय होतं? मी म्हटलं, काही नाही. म्हणाल्या, उत्तर न देता फक्त बसून बघा, काय होतं ते मला येऊन सांगा.

विचार करून सांगतो म्हटलं. तिचे डोळे तसे झाले की मी उतरलेला जिना परत चढतो, हे काय सांगायचं. ते रोगलक्षण नाही, त्याला बाप असणं म्हणतात.

१४ जानेवारी. धुकं.

आज जे झालं त्यात माझा दोष किती, हे शांतपणे तपासायला हवं.

दुपारी साहेबांनी निरोप पाठवला: धुकं हटणार नाही, आजच्या सगळ्या फेऱ्या रद्द, ताबडतोब सूचना द्या. मी माइक उघडणारच होतो. फोन वाजला. टिटवी फार रडत होती. मागे मास्तर वाजत होते, तिच्याकडेही आणि माझ्याकडेही, थोड्याच वेळात सुटेल, काळजी करू नये. मी तिला सांगत राहिलो, हा बघ मी, समोर लाल मफलर आहे, एका म्हाताऱ्याच्या हातात पिंजरा आहे, पिंजऱ्यात काही नाही. ती म्हणाली, आणखी. मी आणखी सांगितलं. किती वेळ, ते कळलं नाही. मग तो पिंजरेवाला म्हातारा माझ्या काचेवर टकटक करायला लागला आणि त्याच्या मागे सगळा धक्का उभा होता. थंडीत कुडकुडत, रद्द झालेल्या लाँचची वाट बघत. मेलेल्या माणसाच्या शब्दावर.

म्हातारा रागावला नाही. एवढंच म्हणाला, साहेब, नाही म्हणून सांगितलं असतंत तर घरी गेलो असतो.

१५ जानेवारी

केबिनमधला फोन काढून नेला. माझा मोबाइल ड्यूटीभर साहेबांच्या खणात. तात्पुरती व्यवस्था आहे, असं मी धरून चालतोय.

१६ जानेवारी. संध्याकाळ.

दिवसभर मला कोणी विचारलं नाही आणि मला कोणाला सांगता आलं नाही. संध्याकाळी धावत घरी. टिटवीने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, आलास. आणि गणितं पुरी करायला आत गेली.

आईने सांगितलं ते असं. टिटवी फोन लावत राहिली, कोणी उचलला नाही. मग स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर आडवी झाली, थरथरत होती. आई शेजारी बसली. टिटवीने विचारलं, बाबा आहे ना? आई म्हणाली, सांगता येत नाही, बघू. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. आईही रडत होती पण तिने उत्तर बदललं नाही. टिटवी तिला चावली. आईने हात दाखवला, दातांचे व्रण आहेत. मग रडणं ओसरलं. मग टिटवी म्हणाली, भूक लागली. दूध-पाव खाल्ला.

म्हणजे माझ्या रेकॉर्डिंगचा साठलेला परिणाम आता दिसायला लागला.

मी आईला विचारलं, तुला कसं जमलं? ती म्हणाली, "नाही जमलं. बसून राहिले, एवढंच."

२० जानेवारी

टिटवीने रेकॉर्डिंग पुसून टाकलं. मला न विचारता. रेकॉर्डिंगच्या यशाबद्दल बाई वहीत काय लिहितील तो परिच्छेद माझ्या मनात तयार होता, आता बदलावा लागेल.

एवढा चांगला आवाज पुन्हा लागणार नाही.

२७ जानेवारी

सकाळी बूट घातले. टिटवी दप्तर भरत होती. दारात थांबलो. ती काही विचारेना. नाडी सोडून पुन्हा बांधली. ती विसरली असण्याची शक्यता धरून मीच म्हटलं, सगळं ठीक होईल, बाबा संध्याकाळी घरी... तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. ओरडली नाही. म्हणाली, "बाबा, नको म्हणूस. तू म्हटलंस की ते परत येतं."

खोकला झाल्यामुळे वाक्य पुरं करता आलं नाही.

२ फेब्रुवारी

शाळेत रोज जातेय. मध्ये एक दिवस वाईट गेला, मग परत बरा. बाई म्हणतात हे असंच वरखाली जाणार, पुरतं गेलं असं कोणी सांगू नये. आई मुलीला रोज धक्क्याच्या थोडं आणखी जवळ आणते आणि परत नेते. मला केबिनमधून दिसतात. हात करायचा नाही अशी मला ताकीद आहे. मी करत नाही. टेबलाखाली करतो.

टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात. हे मी सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. सांगितलं नसेल तर मनात होतं.

८ फेब्रुवारी

उद्या टिटवी आईबरोबर लाँचने आत्याकडे, दोन रात्री. ठरलेल्या संकल्पाप्रमाणे. तारीख थोडी पुढे गेली एवढंच.

९ फेब्रुवारी. सकाळ.

स्वच्छ ऊन. पलीकडची घरं दिसतायत, वाळत घातलेले कपडेसुद्धा.

टिटवी लाँचवर चढायच्या फळीवर थांबली. ओठ पांढरे. आईने हात पुढे केला नाही, नुसती उभी राहिली. मी माइक धरून होतो, सगळा धक्का माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. म्हटलं नाही. तिने पाय टाकला. लाँचच्या नाकाकडे गेली. मी लाँच सुटल्याची सूचना दिली. साहेब नंतर म्हणाले, आवाज कापत होता. माइक बदलायला हवा.

तिने मागे बघितलं नाही.

दुपार.

खणातून मोबाइल मागून घेतला, कौटुंबिक कारण सांगून. टिटवीच्या आईला फोन. पोचलात ना? पोचलो. सगळं ठीक ना? ठीक. चेष्टेने म्हटलं, जरा नीट आवाजात सांग. ती हसली नाही.

थोड्या वेळाने पुन्हा फोन. टिटवीने उचलला. मागे आत्याचा कुत्रा भुंकत होता. मी म्हटलं, बेटा, सगळं ठीक आहे ना? परवा येणार ना घरी? काही होणार नाही ना?

ती म्हणाली, "सांगता येत नाही, बाबा. बघू." प्रेमाने म्हणाली. अगदी बाईंनी सांगितलं होतं तसं. आणि खेळायला गेली. फोन चालूच राहिला, मी कुत्रा ऐकत बसलो.

पाच वाजता.

पाण्यावर काही नाही. सगळं स्पष्ट दिसतंय. पोटात मात्र वेगळं.

मास्तरांची सूचना लावली. फक्त केबिनमध्ये ऐकायची होती, बटण चुकून कर्ण्याचं दाबलं गेलं. धुक्यामुळे लाँच थांबली आहे, थोड्याच वेळात सुटेल, प्रवाशांनी काळजी करू नये. भर उन्हात धक्क्यावरचे लोक आभाळाकडे बघायला लागले. साहेब धावत आले, म्हणाले, अहो, धुकं कुठाय?

मी बंद केली. साहेब गेले.

'काळजी'वर मास्तरांचा आवाज जरा पडल्यासारखा वाटला. पुन्हा लावली.